दहावीनंतर काय, हे विचारायचं कुणाला?

कल्याण सोडून लोकल कसाऱ्याकडे निघाली की पहिलं स्टेशन शहाड. जवळून उल्हास नदी वाहते, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे आणि महापालिकांची हद्द अशी की थोडं चाललं तर माणूस कल्याण-डोंबिवलीतून उल्हासनगरात पोहोचतो. या भागातल्या शाळांमध्ये एकेका वर्गात किती वेगवेगळ्या घरांतली मुलं बसतात, हे हजेरीपटावरच्या आडनावांवरूनही कळतं. कुणाचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून कल्याणच्या छावणीत आले, कुणाचे मुरबाडकडून, कुणाचे सातारा-जळगावकडून कारखान्यात लागले, कुणाचे वडील गेल्या वीस वर्षांत उत्तर प्रदेशातून आले.

१९५० च्या दशकात इथे रेयॉनचा धागा निघू लागला. पलीकडे मोहन्याला नॅशनल रेयॉन म्हणजे एनआरसी होती, अंबरनाथला आयुधनिर्माणी होती, कल्याणला रेल्वेची शेड होती आणि उल्हासनगरात सिंधी मंडळींनी उभारलेला बाजार होता. त्या पिढीत ‘पुढे काय?’ या प्रश्नाचं उत्तर शाळेत शोधावं लागत नसे. ते घरातच ठरलेलं असे. वडील ज्या खात्यात, तिथल्या साहेबांच्या कानावर घालायचं. मामाचं दुकान असेल तर गल्ल्यावर बसायचं. रेल्वेने तर ही रीत काही वर्षं नियमातच आणली होती. सुरक्षेशी संबंधित काही पदांवरच्या कर्मचाऱ्याने मुदतीआधी निवृत्ती घ्यायची आणि त्याच्या पाल्याला नोकरी मिळायची, अशी योजना २००४ पासून होती. ‘लार्सगेस’ या नावाने ती ओळखली जायची. समान संधीच्या तत्त्वात ती बसत नाही, असा प्रश्न न्यायालयात उभा राहिला आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. त्याआधीच, २००९ मध्ये, मोहन्याच्या एनआरसीला टाळं लागलं होतं आणि हजारो घरांचं ठरलेलं उत्तर एकाएकी पुसलं गेलं होतं.

त्या जुन्या व्यवस्थेबद्दल हळवं होण्यासारखं फारसं काही नाही. तिच्यात मुलींना जागा नव्हती आणि ज्याचं कुणी आत नाही त्यालाही नव्हती. पण मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विचार करणारं आणि रस्त्याची माहिती असणारं कुणीतरी तिच्यात होतं, हे मान्य करायला हवं. आज ती जागा रिकामी आहे. ज्या घरात डॉक्टर, इंजिनीअर, सनदी लेखापाल आहेत, त्या घरातल्या मुलाला माहिती जेवताना कानावर पडते. ज्या घरात दहावीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पोर आहे, तिला ती कुठून मिळणार? शाळेतला समुपदेशक म्हटलं की अनेकांना चाचणी घेऊन अहवाल देणारे सर किंवा मॅडम आठवतात. माझ्या मते त्याचं खरं काम ही रिकामी जागा भरण्याचं आहे, म्हणून त्याची सर्वांत जास्त गरज महागड्या शाळेपेक्षा शहाड-मोहन्यातल्या साध्या शाळेला आहे.

मुळात हा विचार जन्मला तोच अशा मुलांसाठी. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय सुरू केलं, ते स्थलांतरित आणि गरीब वस्तीतल्या तरुणांसाठी. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये आलं. त्यांची मांडणी अजून टिकून आहे: आधी स्वतःला ओळखा, मग कामांचं जग ओळखा आणि या दोहोंची सांगड विचारपूर्वक घाला. आपल्याकडे मुंबईत १९४० च्या दशकात बाटलीबॉय यांच्या नावाचं मार्गदर्शन केंद्र आणि मग पारशी पंचायतीचं केंद्र निघालं. सरकारनेही पुढे मुंबईत व्यवसाय मार्गदर्शन संस्था उभी केली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने तर स्पष्ट सांगितलं होतं की माध्यमिक शाळांना प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकारी आणि ‘करिअर मास्टर’ मिळाले पाहिजेत. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम नेटाने केलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेने १९९० नंतर ‘वेध’ परिषदा भरवल्या आणि वेगळ्या वाटेने गेलेली माणसं मुलांसमोर आणून बोलती केली. म्हणजे कल्पना नवी नाही आणि परकीही राहिलेली नाही. सत्तर वर्षांपूर्वी सरकारी अहवालात लिहिली गेलेली गोष्ट शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचली नाही, एवढंच.

पार्सन्सच्या मांडणीतलं पहिलं पाऊल म्हणजे स्वतःची ओळख, आणि तिथे आपल्याकडे सगळा भर चाचणीवर पडतो. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सर्व मुलांची कलचाचणी झाली. राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने ती घेतली. कृषी, वाणिज्य, कला, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाचा कल कुठे आहे ते अहवालात मिळायचं. लाखो मुलांपर्यंत विनामूल्य पोहोचलेला हा मोठा प्रयत्न होता. पण अहवाल हातात आल्यावर बसून तो समजावणारं माणूस बहुतेक शाळांत नव्हतं. ‘कल: गणवेशधारी सेवा’ असं वाचून एखाद्या घरात पोराला पोलीस भरतीच्या मैदानावर पाठवलं जातं. दुसऱ्या घरात मुलीचा तोच अहवाल कपाटात जातो.

चाचणी काय मोजते, हे आधी समजून घ्यायला हवं. कलचाचणी आवड विचारते. अमुक काम करायला आवडेल का, तमुक आवडेल का, अशा प्रश्नांतून एक आकृती तयार होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेले आवडीचे सहा गट आजच्या अनेक चाचण्यांच्या मुळाशी आहेत. अभिक्षमता चाचणी वेगळी. आकडे, भाषा, आकृत्या, यंत्रांची हालचाल, बारीक नोंदींतला अचूकपणा यांतलं काय मूल लवकर शिकेल, याचा ती अंदाज देते. आवड एकीकडे आणि क्षमता दुसरीकडे, असं खूपदा निघतं आणि तिथेच बोलण्यासारखं असतं. शिवाय ज्या कामाचं नावच ऐकलेलं नाही, त्याची आवड मूल कशी सांगणार? शहाडच्या शाळेतल्या मुलीने चित्र काढायची आवड सांगितली तर अहवालात ‘ललित कला’ येईल. पण उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत कापडाचा पॅटर्न कापणारा मास्टर असतो, त्याच कामाचं शिक्षण फॅशन तंत्रज्ञानाच्या संस्थांत मिळतं आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षा असते, हे अहवाल सांगत नाही.

भाषेचाही मुद्दा आहे, आणि या भागात तो मोठा आहे. घरी सिंधी किंवा भोजपुरी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि परीक्षेच्या फॉर्मवर मराठी, अशी मुलं इथे बरीच आहेत. इंग्रजीतल्या भाषिक तर्काच्या चाचणीत अशा मुलाला कमी गुण मिळाले, तर ते तर्काचे की इंग्रजीचे? चाचणीची मानकं कोणत्या मुलांवर काढलेली आहेत, हे पाहणं समुपदेशकाचं काम आहे. एका दुपारी शाळेत येऊन दीडशे मुलांची संगणकावर चाचणी घेणाऱ्या आणि रंगीत आलेखांची फाइल देऊन जाणाऱ्या कंपनीकडून ही अपेक्षा करता येत नाही. पालक त्या फाइलसाठी पैसे मोजतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलेलं बरं.

दुसरं पाऊल कामांच्या जगाची ओळख. इथे माझं मन सर्वांत जास्त अडतं, कारण शहाडला हे जग दाराशी आहे. सेंच्युरीच्या चिमण्या मुलांना रोज दिसतात. आत लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया होते, दाट द्रावण तयार होतं, ते बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडलं की धागा बनतो. नववीच्या रसायनशास्त्राला एवढं सुंदर उदाहरण दुसरं कुठलं मिळणार? अशा कारखान्यात रसायन प्रकल्पाचा अटेंडंट ऑपरेटर लागतो, त्याचा आयटीआयमध्ये स्वतंत्र ट्रेड आहे. बॉयलर चालवणाऱ्याला सरकारचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची परीक्षा असते. मोजमापाची उपकरणं दुरुस्त करणारा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक लागतो, प्रयोगशाळेत बीएस्सी झालेला केमिस्ट लागतो, सांडपाण्याच्या प्रक्रियेवर माणूस लागतो, सुरक्षा अधिकारी लागतो. रोज समोर दिसणाऱ्या एका फाटकाआड एवढी कामं असतात, पण विचारलं तर मुलं दोनच सांगतील: ‘कामगार’ आणि ‘साहेब’.

रेल्वेचंही तेच. कल्याणच्या डिझेल आणि विद्युत लोको शेडमध्ये मध्य रेल्वे शिकाऊ उमेदवार घेते. दहावीला किमान पन्नास टक्के आणि संबंधित ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र लागतं, वय पंधरा ते चोवीस. सहायक लोको पायलट व्हायचं तर दहावीनंतर आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका लागते. म्हणजे ज्या मुलाला मोटरमन व्हायचं आहे, त्याने अकरावी-बारावीची दोन वर्षं कुठे घालवायची याचा विचार दहावीतच करायला हवा. हे त्याला बारावीनंतर कळलं तर त्याची दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण ती त्याने निवडलेली नव्हती.

आयटीआयबद्दल आपल्याकडे जो कमीपणा आहे, त्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे तिथून पुढे रस्ता नाही हा समज. रस्ता आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षालाही. वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड तर आठवी उत्तीर्णांनाही खुले आहेत. दहावीत दोन विषय राहिले तरी पुरवणी परीक्षा असते, एटीकेटीवर अकरावी असते. शाळाच सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. नापास झालेल्या मुलाशी निकालाच्या संध्याकाळी हे सगळं शांतपणे बोलणारं माणूस शाळेत असेल, तर त्या एका संध्याकाळीच समुपदेशकाचं वर्षाचं काम सार्थकी लागतं.

काही दरवाजे मात्र खरोखर बंद होतात आणि तेही आधीच माहीत हवेत. बारावीला गणित-भौतिकशास्त्र नसेल तर एनडीएतून वायुदल किंवा नौदल मिळत नाही. भूदलाला कुठलीही शाखा चालते. आर्किटेक्चरला गणित लागतं. उलट सीए व्हायला वाणिज्य शाखाच हवी असं नाही, आणि कायद्याला तर कुठलीही शाखा चालते. विज्ञान शाखेतून वाणिज्य किंवा कलेकडे वळणं तुलनेने सोपं आहे, उलटा प्रवास कठीण. म्हणूनच घराघरात ‘सायन्स घे, मग बघू’ म्हणतात आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण ज्या मुलाला विज्ञान झेपत नाही आणि आवडतही नाही, त्याची दोन वर्षं, क्लासची फी आणि स्वतःवरचा विश्वास असं सगळंच या सल्ल्यापायी जाऊ शकतं. विज्ञान शाखा ठेवायची तर कशासाठी, हे मुलाला आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. तेवढं साधलं तरी समुपदेशनाचं अर्धं काम झालं.

मग येतो अकरावीचा ऑनलाइन अर्ज. मुंबई महानगर क्षेत्रात तो २००९ पासून आहे, २०२५ पासून साऱ्या राज्यात. दहा पसंती भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. हा नियम न कळल्यामुळे सायबर कॅफेतल्या दादाने ‘भरून ठेव’ म्हणून भरलेली पहिली पसंती मुलाच्या गळ्यात पडते. कल्याणचं बिर्ला कॉलेज आणि उल्हासनगरचं सीएचएम कोणत्या क्रमाने लिहायचं, गेल्या वर्षीचा कटऑफ काय होता, रोज जाण्यायेण्याला किती वेळ जाईल, हे पाहून अर्ज भरायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मुलासोबत कुणी बसायचं?

कागदपत्रांचंही तसंच आहे आणि हा भाग फारसा कुणी समुपदेशनात धरत नाही. मी धरते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास हे सगळं बारावीच्या निकालानंतर गोळा करायला निघालं की तहसील कार्यालयात रांग असते. २०२४ पासून राज्याने आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. शहाडमधल्या एखाद्या वडिलांना हे ठाऊक नसेल तर ते मुलीला म्हणणार, ‘बाळा, आपल्याला ते परवडायचं नाही,’ आणि विषय तिथेच संपणार. आठवीत एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा असते, उत्तीर्ण होऊन निवड झालेल्याला वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. ती परीक्षा पार पडल्यावर तिची माहिती देऊन काय उपयोग?

मुलींचा विचार केला की आणखी एक गोष्ट पुढे येते. लिंडा गॉटफ्रेडसन या अभ्यासिकेने १९८१ मध्ये मांडलं की मुलं कामांची निवड करण्याआधी कामं वगळत जातात. आधी ‘हे मुलींचं नाही’ म्हणून, मग ‘हे आपल्यासारख्यांचं नाही’ म्हणून. दहावीपर्यंत उरलेली यादी लहान झालेली असते आणि तिच्यातूनच मूल ‘आवड’ सांगतं. म्हणून दहावीत सुरू झालेलं मार्गदर्शन उशिराचं ठरतं. वगळलेलं परत यादीत आणायचं असेल तर सातवी-आठवीपासून वेगवेगळी माणसं, वेगवेगळी कामं मुलांसमोर यायला हवीत. वेल्डिंग करणारी बाई एकदा समोर उभी राहून बोलली की वर्गातल्या वीस मुलींच्या डोक्यातली यादी बदलू शकते.

तिसरं पाऊल या दोहोंची सांगड घालण्याचं, आणि ते बोलण्यातूनच पडतं. प्रत्यक्ष बोलणं कसं असावं? समजा, वडील मुलीला घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा, हिने काय करायचं?” हा विश्वास मोठा असतो आणि उत्तर देऊन टाकण्याचा मोह त्याहून मोठा. चांगली समुपदेशक उत्तर देत नाही. ती मुलीकडे वळते: “अगं, तुला शाळेतून घरी गेल्यावर कुठलं काम सांगावं लागत नाही? कुठलं आपणहून करतेस?” मग वडिलांना: “तुम्हाला कशाची काळजी वाटते? फीची, की तिला लांब जावं लागेल याची?” वडील बहुधा दुसरंच काहीतरी सांगतात. ट्रेनची गर्दी, संध्याकाळी उशीर, धाकट्या भावाचा क्लास. या गोष्टी बाहेर आल्या की मार्ग शोधता येतो. त्या मनातच राहिल्या तर कितीही उत्तम अहवाल असला तरी मुलगी घराजवळच्या कॉलेजात, सोयीच्या शाखेत जाते. निर्णय शेवटी घरच्यांचा आणि मुलीचा. समुपदेशकाने एकच आग्रह धरावा, की तो माहिती घेऊन झालेला असावा.

अशी समुपदेशक किती शाळांत आहे? सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक ठेवणं बंधनकारक आहे. बहुतेक अनुदानित मराठी शाळांच्या संचमान्यतेत मात्र असं वेगळं पदच नसतं. वर्गशिक्षिकाच निवडणुकीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी आणि अभ्यासक्रम सांभाळून हे करते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यांत आहे. हे निर्देश मानसिक आरोग्यासाठी आहेत, करिअरसाठी नाहीत. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात हे दोन कप्पे वेगळे नसतात. ‘मला नीट नको’ हे घरी सांगता येत नाही, त्याचाच ताण असतो. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे मुलांमागे एक समुपदेशक सुचवते. आपल्याकडे दोन हजार मुलांच्या संस्थेत एक नेमला आणि काम झालं असं मानलं, तर तो अहवाल वाटण्यापलीकडे काहीच करू शकणार नाही.

पद मंजूर होईपर्यंत शाळेने थांबावं असंही नाही. शहाड, मोहने, आंबिवली, उल्हासनगर इथल्या तीन-चार शाळांनी मिळून एक समुपदेशक ठेवला तर खर्च वाटला जातो. नव्या शैक्षणिक धोरणातली शाळासंकुलाची कल्पना यालाच पूरक आहे. शिक्षण विभागाने युनिसेफच्या साहाय्याने २०२० मध्ये सुरू केलेलं महाकरिअर पोर्टल विद्यार्थ्याच्या सरल क्रमांकाने उघडतं. वर्गशिक्षिकेने नववीच्या वर्गात महिन्यातून एक तास ते पडद्यावर उघडून दाखवलं, तरी मुलांना प्रश्न पडायला लागतात. माजी विद्यार्थ्यांची यादी तर प्रत्येक शाळेकडे असते. त्यातला कुणी लोको शेडमध्ये असेल, कुणी रुग्णालयात तंत्रज्ञ, कुणी फर्निचर बाजारात दुकान सांभाळत असेल, कुणी बँकेत. पालकसभेत जसं गुणांबद्दल बोलतात तसं एकदा ‘तुम्ही काय काम करता, ते मुलांना येऊन सांगाल का?’ असं पालकांनाच विचारावं. नववीची परीक्षा एप्रिलमध्ये संपते. दहावीचे क्लास मेमध्ये सुरू होण्याआधी अंबरनाथच्या आयटीआयला एक दिवस वर्ग घेऊन जाणं कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांचं एक पत्र लागतं.